इंजिन गार होईपर्यंत

पहाटे ५.५०
मुंबईकडे जाणारी गाडी पेडगाव स्टेशनावर न थांबता निघून जाते. रुळांचा आवाज विरेपर्यंत मिस्त्री थांबतात. किल्ली हातात आहे, पण लावत नाहीत. आधी सगळं शांत व्हायला पाहिजे.

गॅरेज परभणी-मानवत रस्त्याला लागून आहे. बारा बाय वीसचं पत्र्याचं शेड, पुढे मुरूम टाकलेली जागा. खंडेनवमीला वाहिलेला झेंडू व्हाइसवर अजून तसाच आहे, वाळून तपकिरी झालेला. आज धनत्रयोदशी. शेडमध्ये एक लाल, बुटकी गाडी उभी आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० हॉर्सपॉवर. शेजारच्या ट्रॅक्टरची ताकद ४५.

गाडी गावातल्याच एका पोराची. तो पुण्यात नोकरीला असतो. गाडी कुणाची तरी वापरलेली घेतली, हप्ते चालू आहेत. महिनाभरापासून इंजिनातून टिकटिक येते. पुण्यातल्या एका गॅरेजात त्याला सांगितलं, रॉडचं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, दोन लाख धरून चला. दिवाळीला गावी येताना त्यानं पूर्ण रस्ता गाडी साठच्या वर नेली नाही. काल रात्री तो इथं आला तेव्हा मिस्त्रींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "तापल्यालं इंजिन आवाज दाबून ठेवतंय. रातभर इथंच राहू दे. सकाळी गार असताना ऐकू."

सकाळी ६.०५
बॉनेट उघडतात. हाताची मागची बाजू हेडवर ठेवतात. गार. मग ऑइलची काडी काढतात, पुसतात, परत घालून काढतात. पातळी दोन खुणांच्या मधोमध. ऑइलचा एक थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळतात, मोबाइलच्या उजेडात धरतात. बेअरिंग झिजलं की ऑइलमध्ये बारीक चमकी येते, रांगोळीत मिसळतात तशी. इथं नाही.

"लाव आता. रेस देऊ नको."

इंजिन उठतं. ऑइलचा लाल दिवा लगेच विझतो. आणि टिकटिक सुरू होते. बारीक, कोरडी, एकसारखी. पोराचा चेहरा उतरतो. मिस्त्री कशालाच हात लावत नाहीत. समोर उभं राहून ऐकतात, मग डाव्या चाकाशी, मग उकिडवे बसून खालून. बोटं बाकावर टिकटिकीच्या जोडीनं चालायला लागतात. मिस्त्री भजनात मृदंग वाजवतात. त्यांना ठोके मोजायचे नाहीत, लय धरायची आहे.

लयीत अर्थ असतो. असल्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा एका सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल जळतं. काटा ८०० फेऱ्यांवर असेल, तर एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० ठोके. व्हॉल्व्ह, टॅपेट, धुराची वाट यांचा आवाज या निम्म्या लयीत पडतो. क्रँककडची खटखट बहुतेक वेळा दाट असते, जड असते, खालून येते. ही टिकटिक निम्म्या लयीतली आहे. आणि वरून येतेय.

सकाळी ६.२०
आता दोन हत्यारं निघतात. एक दीड फुटाची लोखंडी सळई, टोकाला कानशीची जुनी लाकडी मूठ. दुसरी हातभर लांब रबरी नळी. सळई धातूतून येणारा आवाज पकडते, नळी हवेतला. सळईचं टोक हेडच्या झाकणावर, मूठ कानाच्या हाडाला. मग ब्लॉकवर, मग खाली ऑइलच्या चेंबरवर.

मिस्त्री मूठ माझ्या कानाला लावतात. आत चटचट चटचट असा वेगळाच आवाज आहे. "ते इंजेक्टर. या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात मारतेत, लई दाबानं. तो आवाज त्यांचाच असतोय. त्याला भ्यायचं नाही." ब्लॉकवर सळई ठेवली की टिकटिक पुसट होते. चेंबरवर तर नाहीच.

मग नळी. तिचं मोकळं टोक ते इंजिनाच्या मागच्या बाजूला, टर्बोकडे, हळूहळू फिरवतात. एका जागी मान झटक्यानं मागे घेतात. नळी मला देतात. कानात कुणी फुंकरीचे फटके मारावेत तसं वाटतं.

सकाळी ६.४०
हाताखालचा पोऱ्या आला आहे. वय एकोणीस, रोज ४०० रुपये. तो एकेका सिलिंडरच्या कॉइलची पिन काढतो आणि पाच मोजून परत लावतो. जास्त वेळ नाही. ठिणगी बंद झाली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या जाळीत जातं, आणि ती जाळी महागाची. पहिला, दुसरा, तिसरा: इंजिन लंगडतं, पण टिकटिक तशीच. चौथ्याची पिन निघते आणि टिकटिक मंदावते.

"चौथ्यात हाय," पोऱ्या म्हणतो.

"चौथ्यात हाय, पण काय हाय?" मिस्त्री विचारतात. सिलिंडरमधला जाळ बंद झाला की रॉडची खटखटही कमी होते, पिस्टनचीही, आणि धूर गळत असेल तर तोही. या परीक्षेनं घर कळलं. घरात कोण आहे ते कळलं नाही.

सकाळी ६.५५
इंजिन तापतं. बघता बघता टिकटिक बारीक होते आणि थांबते. रेस दिली तरी येत नाही.

"गेला काका आवाज!"

"गेला नाही, झाकला. बस हितं, सांगतो." मिस्त्री उलट्या डब्यावर बसतात. ऑइल तापलं की पातळ होतं. रॉडचं बेअरिंग सैल असेल तर तापल्यावर आवाज वाढतो. इथं थांबला. म्हणजे रॉड नाही. उरले दोघं. एक म्हणजे पिस्टन. गार असताना तो आकसलेला असतो, भिंतीवर आपटतो, तापला की फुगून नीट बसतो. दुसरं म्हणजे मॅनिफोल्डचं पॅकिंग. तिथं फट असेल तर गार असताना धूर फटकन बाहेर येतो, आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते. पिस्टन असेल तर इंजिन खोलावंच लागेल. पॅकिंग असेल तर नाही.

"मला वाटतंय पॅकिंगच. नळीत तसंच ऐकू आलं. पण नुसतं वाटतंय म्हणून कुणाचं इंजिन उतरवायचं नसतंय, अन् कुणाला 'काय नाही, जा' म्हणून घरी बी पाठवायचं नसतंय. आता हे गार होऊ दे. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही."

सकाळी ७.४५
समोरच्या टपरीवरून सुशीला येतो. भिजवलेले चुरमुरे, शेंगदाणे, मिरची, वरून शेव. पोराचं खाण्यात लक्ष नाही. "काका, इथलं साधं पेट्रोल भरलं म्हणून तर नसेल?" इकडचं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरनं येत आलंय, तीनशे किलोमीटरच्या आसपास. वाहतूक भावात बसते. राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव कितीतरी वेळा बातम्यांत आलं.

मिस्त्री मान हलवतात. पेट्रोलमुळे होणारी खडखड इंजिनावर भार आला की येते, चढावर, वरच्या गिअरमध्ये. डब्यात गोट्या हलवल्यासारखी. उभ्या गाडीत येत नाही. शिवाय ती खडखड ऐकायला इंजिनाच्या ब्लॉकवरच एक नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्यानं ऐकलं की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. मिस्त्रींनी मोबाइलला जोडायचा स्कॅनर रात्रीच लावून बघितला. एकही कोड नव्हता.

सकाळी ८.३०
दूधवाल्याची मोटारसायकल. मागे दोन कॅन, रोज परभणीपर्यंत ये-जा. चेन खडखडतेय. पोऱ्या चेन रॉकेलनं धुतो, मिस्त्री मागचं चाक सरकवून ताण देतात, बोटानं दाबून बघतात. चेन इंचभर हलली पाहिजे, त्याहून जास्त नाही. स्प्रॉकेटचे दाते बाकदार झालेत. "अजून दोन महिने काढ. मग चेन-स्प्रॉकेट संगंच बदलू." मजुरी १५० रुपये, रोख.

सकाळी १०.१०
रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर येतो. आवाज आधी येतो, ट्रॅक्टर मागून. खाड खाड खाड. सोयाबीन निघालेल्या रानात हरभऱ्याची तयारी चालू आहे. ट्रॅक्टर उभा राहिला की मालकाचे एकरी बाराशे रुपये उभे राहतात.

"मिस्त्री, इंजिन खोलावं लागतंय का?" मालक खाली उतरण्याआधीच विचारतो.

मिस्त्री चालू इंजिनावरच सतराचा पाना घेतात आणि पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करतात. डिझेल फसफसतं, इंजिन लंगडतं, आवाज तसाच. नट आवळतात. दुसऱ्याचा सैल करतात. खाडखाड बंद. आवळतात, खाडखाड चालू. सकाळी पोऱ्यानं कॉइलची पिन काढली, तेच हे. फक्त इथं हात डिझेलनं भरतात.

नोझल काढून ते उजेडात धरतात. टोकाला काजळी, सुई अडकलेली. डिझेल फवारा व्हायच्या ऐवजी थेंब थेंब पडतं आणि वेळ चुकवून एकदम भडकतं. खाडखाड त्याचीच. पोऱ्या नोझल फडक्यात बांधून एसटीनं परभणीला निघतो. नवीन नोझलचे पैसे मालक त्याच्या हातात देतो. मिस्त्री त्याला आणखी एक काम सांगतात. लाल गाडीच्या मॅनिफोल्डवर पत्र्याचं झाकण आहे. त्याचे बोल्ट चांदणीच्या डोक्याचे, ई-१० नंबरचे. ती गोटी गॅरेजात नाही. "हार्डवेअरमधून घेऊन ये. चांगली घे, पहिल्याच आटीत फाटंल असली नको."

दुपारी १.००
लाइट गेली आहे. पत्रा तापला आहे. मिस्त्री डबा उघडतात. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. दिवाळीचं अजून घरात तळणं चालू आहे.

ऐकायला कुठं शिकलात, मी विचारतो.

वडिलांकडून. त्यांचं गॅरेज नव्हतं. सायकलच्या कॅरिअरवर पान्यांची पिशवी टाकून ते विहिरीविहिरीवर जायचे. तेव्हा पाणी ऑइल इंजिनावर उपसायचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या काळात तिची इंजिनं या भागातल्या किती तरी विहिरींवर बसली. एक सिलिंडर, जड फ्लायव्हील. रात्री घरात पडल्या पडल्या वडील सांगायचे, हे ओढ्याकडचं इंजिन, ह्याला हवा लागलीय, सकाळी बोलावणं येणार. सकाळी बोलावणं यायचं.

"एक सिलिंडर असलं की सगळं मोकळं ऐकू येतंय," मिस्त्री म्हणतात. "चार असले की गर्दी होती. तरी ह्या गर्दीत बी एकेकाला वेगळं काढता येतंय. वेळ लागतो."

दुपारी २.३०
एक बाई आणि तिचा मुलगा मोटारसायकल ढकलत आणतात. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गाडी दोन दिवस पाण्यात होती. वाळली म्हणून चालवली. आता दम धरत नाही, आतून घरघर येते. मिस्त्री खालचा बोल्ट काढतात. तसराळ्यात पडतं ते ऑइल नाही, दुधाचा चहा. पाणी मिसळलेलं.

"चालवायच्या आधी आणायची ना, ताई."

"तवा रान बघावं का गाडी बघावी, दादा?"

मिस्त्री पुढं काही बोलत नाहीत. हलकं ऑइल घालून इंजिन दोन मिनिटं फिरवतात, काढतात. यावेळी चहा जरा काळा. एअर फिल्टरमधून वाळलेला गाळ पापुद्र्यानं निघतो. शेवटी चांगलं ऑइल लिटरभर. किक मारतात, कान टाकीखाली नेतात. घरघर कमी झालीय, पूर्ण गेली नाही. "बेअरिंगला गंज धरलाय. चालंल. सावकाश चालवा. हरभरा निघाल्यावर आणा, तवा खोलू." ऑइलचे ५८० धरून बिल ११००. बाई ७०० देते. ४०० वहीत.

दुपारी ४.१५
पोऱ्या परत आला आहे. नोझल बसतं, ट्रॅक्टर चालू होतो. खाडखाड नाही. मालक मजुरीचे ३०० हरभऱ्यावर ठेवतो आणि रानाकडे निघतो. गोटी १८० रुपयांना पडली.

मिस्त्री लाल गाडीजवळ जातात. हेडवर हात ठेवतात. कोमट. पोरगा घड्याळ बघतो. सकाळपासून तो चौथ्यांदा आला आहे. "घरी जाऊन झोप काढ," मिस्त्री सांगतात. तो जात नाही.

संध्याकाळी ५.२५
आता गार आहे. गाडी चालू न करता चौघं मिळून बाहेर ढकलतो. धूर शेडात कोंडून चालत नाही, आणि चालू केली तर दिवसभर थांबलो ते वाया जाईल. नवी गोटी चांदणीवर घट्ट बसते. पत्र्याचं झाकण निघायला वीस मिनिटं लागतात. एक बोल्ट कुरकुरतो. मिस्त्री जोर करत नाहीत. गंज सोडवायचं तेल मारतात, थांबतात, पुढे-मागे पुढे-मागे करत काढतात.

टॉर्च आत जातो. मॅनिफोल्ड तपकिरी, गंजल्या तव्याच्या रंगाचा. पण चौथ्या सिलिंडरच्या जोडाशी काजळीची रेघ आहे, काडेपेटीच्या काडीएवढी, पंख्यासारखी पसरत गेलेली. तिच्या वरच्या कोपऱ्यात नट नाही. स्टड नटासकट तुटून पडला आहे. उरलेलं टोक हेडच्या बाहेर दोन-तीन आटे दिसतंय.

मिस्त्री पोराला वाकवून दाखवतात. मॅनिफोल्ड शेकडो अंश तापतो आणि परत गार होतो. प्रत्येक वेळी लोखंड लांबतं, आकसतं. मधल्या बाजूला कमी सरकतं, टोकाला जास्त. म्हणून बहुतेक वेळा टोकाचा स्टड आधी जातो. पहिल्याचा नाहीतर चौथ्याचा.

संध्याकाळी ५.५५
रस्त्यापलीकडे पोरं लवंगी फटाके उडवतायत. "पाच मिनटं थांबा रे," मिस्त्री ओरडतात. पोरं थांबतात आणि बघायलाच येतात.

मिस्त्री देवाच्या फोटोजवळची अगरबत्ती पेटवून आणतात. वारा नाही. गार इंजिनाचा पंखाही फिरत नाही. इंजिन लागतं. टिकटिक, सकाळी होती तशीच. अगरबत्ती पहिल्या जोडापाशी. धूर सरळ वर. दुसऱ्यापाशी सरळ. तिसऱ्यापाशी सरळ. चौथ्यापाशी धुराची रेघ मोडते. टिक, धूर उडतो. टिक, धूर उडतो. आवाज डोळ्यांना दिसतो.

पोऱ्या ओलं बारदान घडी घालून सायलेन्सरच्या तोंडावर तीन सेकंद धरतो. मागची वाट अडली की धूर पुढच्या फटीतून जास्त येणार. टिकटिक दुप्पट होते. पोऱ्या बारदान सोडतो, ती पहिल्यासारखी.

"बंद कर," मिस्त्री म्हणतात. "पिस्टन नाही. रॉड नाही. इंजिन उतरवायचं नाही."

पोरगा काही बोलत नाही. गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहतो. पलीकडे फटाके परत सुरू होतात.

संध्याकाळी ६.३०
झाकण परत बसतं. काम इथं करायचं नाही, असं मिस्त्री सांगतात. नवे स्टड, नट, पॅकिंग, टर्बोच्या ऑइल-पाइपाचे वॉशर, यातलं काहीही परभणीत आज मिळणार नाही. आणि टर्बो उतरवून परत जुनं पॅकिंग लावणं त्यांना मान्य नाही. ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहितात. चौथ्याचा वरचा स्टड तुटला. उरलेल्या आट्यांवर नट वेल्ड करून स्टड काढावा. सगळे स्टड नवीन. मॅनिफोल्डचं तोंड सरळ आहे का पट्टी लावून बघावं, वाकलं असेल तर लेथवर घासून घ्यावं. टॉर्क पान्यानं आवळावं.

"हे दाखव त्यांना. अन् जाताना ताणू नको. गरम धूर आत फुटायलाय, जवळची वायर जळंल."

"किती झाले काका?"

"पाचशे दे."

पोरगा पाचशेच्या चार नोटा काढतो. मिस्त्री एक घेतात. गोटीचे तरी घ्या, तो म्हणतो. "गोटी माझ्यापाशी राहणार हाय. तिचे पैसे तुझ्याकडून कसे घेऊ?"

रात्री ७.४०
पान्यांवर रॉकेलचं फडकं फिरतं. सळई आणि नळी खिळ्याला. वही उघडते. जमा: दूधवाला १५०, पुरातली गाडी ७००, लाल गाडी ५००. एकूण १३५०. खर्च: ऑइल ५८०, गोटी १८०, एसटी आणि चहा-नाश्ता ११०, पोऱ्याचा रोज ४००. एकूण १२७०. हातात ८० रुपये. येणं ७००. पोऱ्याचे दिवाळीचे हजार रुपये मिस्त्री पत्र्याच्या डब्यातून वेगळे काढून देतात. ते आजच्या हिशोबात धरत नाहीत.

वहीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढं काम लिहिलेलं असतं. चेन ताण. नोझल बदली. ऑइल दोनदा. लाल गाडीपुढं पेन जरा थांबतं. काही बदललं नाही, काही नवीन बसवलं नाही. मिस्त्री लिहितात: 'ऐकले'. पुढं ५००.

मी मागची पानं चाळतो. हा शब्द आधीही आहे, पुष्कळ वेळा. ट्रॅक्टर, ऐकले. मळणीयंत्र, ऐकले. जीप, ऐकले, खोलू नका सांगितले. त्यांच्यापुढची रकान्याची जागा कोरी आहे.

पोऱ्या शटर ओढतो. मिस्त्री वही काखेत घालतात. रस्त्यावरून एक ट्रक मानवतकडे जातो, आणि त्याचा आवाज लांब जाईपर्यंत त्यांची मान तिकडेच असते.